सुईवरचं नाणं

आक्का, तुझी नात काल रेकॉर्ड प्लेअर घेऊन आली. नवा, कोऱ्या खोक्यातला. आता पुन्हा त्याची टूम निघाली आहे म्हणे, पोरं हातातला मोबाईल बाजूला ठेवून तबकड्या गोळा करतात. बैठकीत जमिनीवर मांडी घालून बसली, माहितीचा कागद मांडीवर घेतला आणि मला एकेक समजावून सांगायला लागली. आई, आधी हे सपाटीत आणायचं, मग हा रबरी पट्टा चढवायचा, मग दांडीच्या मागचं हे वजन फिरवून सुईचा भार दोन ग्रॅमवर आणायचा, त्याहून जास्त झाला तर रेकॉर्ड खलास. मी स्वयंपाकघराच्या दारात लाटणं घेऊन उभी होते. "हो का," म्हणाले, जसं काही मला हे आजच कळत होतं. मग तिनं मान वर केली. "आज्जीची ती छोटी रेकॉर्ड कुठाय गं? पुढच्या रविवारी पहिली तीच लावू." मी म्हणाले, शोधते. शोधायचं काय होतं त्यात? लोखंडी कपाट, वरची फळी, तुझ्या निळ्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. म्हणून आज दुपारी दार लावून हे लिहायला बसले. तुला जाऊन पस्तीस वर्षं होत आली. असतीस तर म्हणाली असतीस, कागद कशाला नासतीस, तोंडानं सांग की. तोंडानं सांगायला मला चांगली दहा वर्षं मिळाली होती, आक्का. मी नाही सांगितलं.

जन्म देणाऱ्या आईला आक्का म्हणायचं हे माझ्या सासरच्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. पण मामा तुला आक्का म्हणायचा, सगळी गल्ली म्हणायची, मग मीही तेच उचललं. बाप मला आठवतच नाही. आठवतेस ती तू, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतून संध्याकाळी येणारी, पापण्यांवरसुद्धा खकाणा बसलेला. दारातच तोंड धुवायचीस, चार शिंका द्यायचीस आणि चूल पेटली की गाणं सुरू. भाकरी थापायच्या आवाजावरच तुझा ठेका असायचा. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या गायन पार्टीत तू मागच्या रांगेत, कोरसात. मी तिसरीत होते तेव्हा पार्टीला रेकॉर्ड काढायला मुंबईला बोलावलं. मला मामाकडे ठेवून, वखारीतून रजा काढून तू गेलीस. एका गाण्यात पार्टीच्या मास्तरांनी तुला एकटीला एक ओळ दिली होती, 'माझ्या लेकीच्या हाती पाटी आली गं'. बाकी सगळं गाणं सगळ्यांचं, तेवढी एक ओळ तुझी. पण परत आलीस ती तोंड मिटून. दोन दिवसांनी चुलीपुढं बसून, माझ्याकडं न बघता बोललीस.

"माझ्याकनं चूक झालीया गं. वळ म्हणताना तुझी आठवण आली. शेंबूड पुसत पाटी घिऊन बसलेली. आन् मला हसूच आलं, गाता गाता. मास्तरनी असलं डोळं वटारलं!"

"मग परत म्हणायचं की."

"परत कोण म्हणू देतंय? आमची येळ संपली हुती, भाईर दुसरी पार्टी हुबी. आता ते हसू रेकॉर्डात उठलंय का न्हाय, कुणाला ठावं. उठलं असलं तर माझ्यापायी साऱ्यांची रेकॉर्ड नासली बघ."

मला तेव्हा त्यात एवढं काय ते कळलं नाही. तबकडी पुढं बऱ्याच महिन्यांनी आली, पार्टीतल्या प्रत्येकाला एकेक. ताटलीएवढी, काळी, हातात धरली तर वाकते की काय असं वाटणारी. वर मास्तरांचं नाव आणि खाली 'आणि पार्टी'. त्या 'आणि पार्टी'त तू होतीस. मामाचा लाउडस्पीकरचा धंदा होता, त्यानं धंद्यासाठी आपली वेगळी प्रत आणली आणि त्या वर्षीच्या जयंतीला मिरवणुकीच्या ट्रकवर लावली. तू कोपऱ्यावर पदर दातात धरून उभी. आणि नेमकी तुझी ओळ आली तेव्हा कुण्या उत्साही माणसानं फटाक्यांची माळ सोडली. धूर विरला तोवर गाणं पुढं गेलेलं. मी म्हणाले, मामाला परत लाव म्हण. तू माझा दंड घट्ट धरलास. "चारचौघात न्हाय. मला एकदा शांतपणी ऐकायची हाय. चूक उठलीया का न्हाय ते पयलं मी बघणार, मग दुसरं कुणी." त्याच ट्रकवर मी ते नाणं पहिल्यांदा पाहिलं. चाक खड्ड्यात गेलं की सुई उडायची, म्हणून मामा दांडीच्या डोक्यावर, सुईच्या बरोबर वर, पितळी वीस पैसे मेणानं चिकटवायचा. मला डोळा मारून म्हणाला, "आता ट्रक पालथा झाला तर उडंल, न्हाईतर न्हाय." केवढा हुशार वाटला होता मला मामा.

तुझी तबकडी पत्र्याच्या पेटीत गेली. एकदा तू वखारीत असताना मी ती काढली, मधल्या भोकात पेन्सिल घातली आणि भोवऱ्यासारखी फिरवत बसले. तू दारात कधी आलीस कळलं नाही. आयुष्यात एकदाच तू मला मारलंस, ते त्या दिवशी. मारून झाल्यावर माझ्यापेक्षा तूच जास्त रडलीस आणि तबकडी पदरानं पुसत राहिलीस. त्यानंतर मी पेटीला हात लावला नाही. वर्षं गेली. तुझ्या छातीत खकाणा बसला, आधी ठसका, मग खोकला, मग गाण्याच्या मधेच दम तुटायला लागला. मी मॅट्रिक झाले तेव्हा तू कोरसातूनही उतरली होतीस. लोक विचारायचे, का गं गात न्हाईस? तू म्हणायचीस, "गायलं तेवढं रेकॉर्डात हाय, बास झालं." हसत म्हणायचीस, पण मला ठाऊक होतं की त्या रेकॉर्डात काय आहे याचीच तुला धास्ती आहे.

मला बेळगावच्या टेलिफोन ऑफिसात ऑपरेटरची नोकरी लागली तेव्हा सत्तरीचं दशक संपत आलं होतं. निघायच्या दिवशी तू पेटी उघडलीस. निळ्या लुगड्याचा तुकडा, त्यात तबकडी. "तुझ्या पगारात एखादी बारकी मशीन बसंल तवा घे. मशीन झाली की मला कळीव, मी येतो. तवर हिला वाजवायची न्हाय. पयलं मी." मी तुझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. घ्यायची गरज नव्हती, तू मागितलीही नव्हतीस. मीच आगाऊपणानं घेतली.

नवी मशीन माझ्या आवाक्यातली नव्हती. शहापूरला मी एका विणकराच्या घरी माडीवरची खोली घेतली होती, खाली त्यांचे दोन पॉवरलूम. खडेबाजारात रेडिओ दुरुस्तीचं एक छोटं दुकान होतं, म्हातारे कानडी गृहस्थ चालवायचे, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. त्यांनी मला उपाय सांगितला. कुठल्याशा मोडक्या मशीनची चकती, मोटर आणि दांडी त्यांच्याकडं पडून होती. सुताराकडून फळ्यांची पेटी करून घ्यायची, त्यात हे बसवायचं आणि आवाजाला माझा घरचा रेडिओ. "रेडिओच्या पाठीमागं दोन भोकं असतात, बघितलाय का कधी? त्यात ही वायर. झालं तुमचं मशीन." एवढ्या जुन्या दांडीला दुसरी सुई कुठली मिळणार, आहे तीच चालवा म्हणाले. सपाटी कशी बघायची तेही दाखवलं. चकतीवर पाण्याचा पेला ठेवायचा, पाणी जिकडं कलतं त्या कोपऱ्याखाली काहीतरी सारायचं. मी बेळगाव-निपाणीच्या बसतिकिटांच्या घड्या सारल्या. तासभर त्या पेल्यासमोर गुडघे टेकून बसले होते. पाणी सरळ झालं तेव्हा एवढा आनंद झाला की तेच पाणी मी पिऊन टाकलं.

अण्णांनी वाजवून बघायला एक घासलेली तबकडी दिली होती. लावली, आणि सुई टुणकन उडाली. परत लावली, परत उडाली. मला आधी कळेना. मग लक्षात आलं, खाली माग सुरू आहेत. माडीची जमीन लाकडी फळ्यांची, दर खटक्याला खोली हादरायची, माझं ताट-वाटीसुद्धा मांडणीत वाजायचं. मशीन कोपऱ्यात नेली, खाली गोधडी घातली, उशी घातली. उशीनं सपाटी गेली. कामावर दिवसभर कानाला हेडफोन, कुणाचा ट्रंक कॉल हुबळीला, कुणाचा पुण्याला, आणि डोक्यात एकच विचार, तू येशील, पदर सावरून बसशील आणि तुझ्या ओळीवर ही सुई उडेल. फटाक्यांत एकदा गेलेली ओळ दुसऱ्यांदा मागाच्या खटक्यात जाईल. ते मला होऊ द्यायचं नव्हतं. तुझीच तबकडी लावून एकदा नीट तपासायला हवी, असं मी मलाच पटवलं. शपथ मोडायची नाही, फक्त तपासायचं. माणूस स्वतःला काय काय पटवतो!

एका संध्याकाळी ऑफिसातून आले आणि लावली. पहिलं कडवं नीट गेलं. तुझी ओळ यायच्या आधी सुई उडाली. तेव्हा मला मामा आठवला. पाकिटाच्या तळाशी पितळी वीस पैशांचं नाणं होतं, कमळाचं चित्र असलेलं. मेणबत्तीचा थेंब टाकून मी ते दांडीच्या डोक्यावर चिकटवलं आणि सुई पुन्हा ठेवली. खाली माग धडधडत होते आणि सुई जागची हलली नाही. मग तू आलीस. फक्त तू. तंबाखू छातीत उतरायच्या आधीची, माझ्याही लक्षातून गेलेली तू. मी काय ऐकलं ते शेवटी सांगते, आत्ता लिहवत नाही. मी सुई उचलली आणि केसभर मागं ठेवली. परत ऐकली. परत उचलली. त्या संध्याकाळी किती वेळा, ते मोजलं नाही. दुसऱ्या दिवशी कामावरून जवळजवळ पळत आले. पंधरा दिवस माझं हेच चाललं होतं. बाकीचं गाणं मी ऐकतच नव्हते, सुई थेट तुझ्या ओळीवर आणायची, संपली की उचलायची, परत तिथंच ठेवायची.

आधी बारीक खरखर आली. मी सुईवरची धूळ फुंकली. खरखर वाढली. मी रेडिओचा आवाज वाढवला. मग एके दिवशी तुझा आवाज खरखरीच्या मागं गेला, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी सुई तिथं आली, खर्र झालं आणि ती सरळ पुढच्या कोरसावर जाऊन पडली. नाणं असूनही. मी नाणं काढलं, ठेवलं, दुसरं ठेवलं, दांडी हातानं धरली. ओळ नव्हती.  तबकडी लुगड्यात गुंडाळून मी तशीच अण्णांच्या दुकानात गेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, तबकडी उजेडाकडं तिरकी धरली.

"वजन ठेवलावता काय सुईवर?"

"वीस पैसे."

"अय्यो," ते म्हणाले. "बाई, हे नांगर न्हवं. तुमच्या सुईचं टोक पहिलंच तुटलेलं, त्यावर वजन. सगळं खरवडून गेलंय इथं."

"स्पीकरवाले सगळे ठेवतात."

"त्यांचं रेकॉर्ड वरसाला नवीन येतंय. तुमचं?"

भरून काही येतं का, असं मी विचारलं. त्यांनी तबकडी माझ्या हातात परत दिली, लुगड्याचा तुकडा नीट घडी करून वर ठेवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले. पुढच्या सुट्टीत मी तुला न कळवता निपाणीला आले होते, हे तुला माहीत नाही. मामाकडची प्रत कधीच घासून फेकून दिलेली. मास्तर वारले होते, त्यांच्या घरात पोरांनी तबकडीवर मातीची चूल मांडून खेळ केला होता. पार्टीतल्या आणखी दोघींकडं चोरासारखी जाऊन आले. एकीकडची फुटलेली, दुसरीला आठवतच नव्हतं की असं काही घरात होतं. संध्याकाळच्या बसनं परत निघाले, काकती आली, बेळगावचे दिवे दिसायला लागले आणि डोक्यात एकच, मशीन झाली हे मी तुला आधीच कार्ड टाकून कळवलं होतं. खोलीवर पोचले तर दाराच्या फटीत तुझं कार्ड. शेजारच्या पोरीकडून लिहून घेतलेलं. येत्या अमावास्येला येते.

अमावास्या मीच सुचवली होती. त्या दिवशी विणकर माग बंद ठेवतात, सगळं शहापूर कसं गप्प असतं. सकाळी तुला स्टँडवर घ्यायला आले तर तू जयंतीचं पांढरं लुगडं नेसून उतरलीस, काखेत जोंधळ्याच्या भाकरी आणि खरडा. "आमी कवा पाळली आमुशा?" हसून म्हणालीस, "पर आजची लई सोयीची हाय." मी तुला आधी बाजार दाखवायला निघाले. तुला बाजार नको होता. चहा केला, तू दोन घोटांत संपवलास. जेवायला वाढते म्हणाले. "आधी रेकॉर्ड." सकाळी निघताना मी रेडिओच्या पाठीमागची वायर उपसून ठेवली होती, आक्का. बटण दाबलं, चकती फिरली, आवाज आला नाही. "बिघडलं वाटतं," मी म्हणाले. तू म्हणालीस दुकानवाल्याला बोलव. मी म्हणाले आज दुकान बंद असतं. तेही खोटं.

"मग बसतो मी," तू म्हणालीस. "संध्याकाळची गाडी हाय."

आणि बसलीस. मशीनसमोर, भिंतीला पाठ न टेकता, हात मांडीवर. चिडली नव्हतीस. मधूनच चकतीकडं बघायचीस, मधूनच माझ्याकडं. खोकला आला की तोंडावर पदर दाबायचीस, जसं काही मशीनला त्रास होईल. मी भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. एकही माग वाजत नव्हता, तुझा श्वास तेवढा ऐकू यायचा, घरघरणारा. तासाभरानं मला ते सहन होईना. मी रेडिओच्या मागं गेले, वायर खोचली आणि म्हणाले, "जमलं बघ." तुझा चेहरा असा उजळला की मला पळून जावंसं वाटलं.

सुई ठेवली. तू बोटांनी गुडघ्यावर ठेका धरलास. कोरस सुरू झाला आणि तू एकेक आवाज ओळखायला लागलीस. "ही वरच्या गल्लीतली... ही बघ, हिचा सूर सदा चढा... ही न्हाय आता, गेली बिचारी." ओळ जवळ आली. तू बोलायची थांबलीस, पदर ओठांवर धरलास आणि डोळे मिटलेस. खर्र. सुई उडाली आणि कोरस पुढं चालू झाला. तू डोळे उघडले नाहीस. गाणं संपल्यावर म्हणालीस, "परत लाव." मी परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं. मग तू पदर खाली घेतलास.

"माझी वळ कुठं गेली गं?"

हा प्रश्न मी पंधरा दिवस मनात ऐकत होते. उत्तरही तयार होतं, तोंडातून घडाघडा बाहेर आलं. "जुनी झालीया आक्का. पत्र्याखाली पेटीत इतकी वरसं, उन्हानं तबकडी वाकती म्हणं. दुकानवाला म्हणाला."

तू तबकडीच्या कडेवरून बोट फिरवलंस. मग मान हलवलीस. "माझंच चुकलं म्हण की. राखून राखून मीच नासवली."

मी काही बोलले नाही. तिथं बोलायला हवं होतं. तू उठून माझ्याजवळ आलीस, आणि आवाज लहान करून, जसं काही कुणी ऐकेल, विचारलंस, "तू तरी ऐकलीस का, ह्या आधी? मशीन लावताना बघितली आसशील की लावून. खरं सांग, हसू उठलंय का त्यात?"

"न्हाय आक्का. तू म्हणालतीस न्हवं, पयलं तू. मी हात बी लावला न्हाय."

तू माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडलीस. "गुणाची हाय माझी लेक," म्हणालीस. मग आपण जेवलो. तुझा खरडा मला त्या दिवशी गिळता गिळवेना. तुला वाटलं तिखट झालाय.

पुढं दहा वर्षं तू ही गोष्ट सगळ्यांना सांगितलीस. माझ्या लग्नात, बारशात, वखारीतल्या बायकांना. रेकॉर्ड मीच उन्हात ठेवून नासवली, पण लेकीनं शब्द राखला, महिनाभर मशीन घरात असून हात लावला न्हाय. लोक माझ्याकडं कौतुकानं बघायचे. एकदा मामानं सगळ्यांदेखत विचारलं, "नाणं-बिणं ठिवलंवतंस काय गं त्याच्यावर?"  मी "न्हाय" म्हणाले आणि त्यानं विषय सोडला. ते नाणं मी नंतर एका सोनाराकडं वजन करून घेतलं, साडेचार ग्रॅमहून थोडं जास्त भरलं. कशाला घेतलं, मलाही सांगता येणार नाही. मशीन मी विकून टाकली. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात तू एका दुपारी आपणहूनच म्हणालीस, "आसंल उठलं हसू. आता कोण बघायला येतंय." मी तुझ्या उशाशी होते. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. मी तुला पाणी हवं का विचारलं.

झाल्या गोष्टीचा राग माझा मलाच गिळावा लागला, कुणावर काढणार? मामावर नाही, तो बिचारा ट्रकवरच्या धंद्यातलं शहाणपण मला देऊन गेला होता. तुझ्यावर मात्र कधी कधी काढला, आक्का. वाटायचं, कशाला एवढं त्या हसण्याचं घेऊन बसलीस, लावली असतीस मामाकडं, ऐकली असतीस, मोकळी झाली असतीस. असं मनात आलं की मी दोन दिवस स्वतःशी बोलायचे नाही.

रविवारी तुझी नात येईल. पेल्यातल्या पाण्यानं नाही, मोबाईलवर बघून सपाटी लावेल, भार दोन ग्रॅमवर आणेल, सगळं नीट करेल, आणि तरी त्या जागी सुई उडेल. ती विचारेल. मी तिला काय सांगेन, अजून ठरलेलं नाही; जिभेला जुनं उत्तर पाठ आहे. हा कागद मी लुगड्याच्या तुकड्यात, तबकडीपाशी सरकवून ठेवते. पाठवायला तुझा पत्ता नाही, आणि टाकून द्यायला धीर नाही.

शेवटी सांगते म्हणाले होते ते आता सांगते. मी ऐकली होती, आक्का. हसू उठलं होतं. 'लेकीच्या' या शब्दावर, अगदी स्पष्ट, आधी श्वास अडखळतो आणि मग शब्द हसत हसत बाहेर येतो. त्या सगळ्या गाण्यात तेवढंच एक होतं जे दुसऱ्या कुणालाच जमलं नसतं. तू माझी आठवण काढून हसत होतीस, आणि मला ते परत परत ऐकायचं होतं. ते हसू नसतं तर ओळीला काही झालं नसतं. त्या हसण्यापायीच मी सुई मागं नेत राहिले.